नाव न घेता

१

राजाजीनगरातल्या आमच्या घराचा नकाशा मी स्वतः काढला. सरकारी बांधकाम खात्यात मी ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती आखल्यावर स्वतःची भिंत आखायची वेळ आली, तेव्हा मी जरा चेकाळलोच. देवघर ऐसपैस ठेवलं. वसुमती, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, झोपायची खोली स्वल्प मोठी करा की. देव काय पाय पसरून झोपणार आहे?" मी ऐकलं नाही. ईशान्येचा कोपरा, पूर्वेला खिडकी, चुन्याचा गिलावा, दाराला नैवेद्याच्या वेळी ओढायचा पडदा. सत्तावन्न साली आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला लाल माती, खुंट्या ठोकलेले प्लॉट आणि सकाळी गिरणीचा भोंगा, एवढंच होतं.

आमचे पूर्वज कधीतरी मराठी फौजांबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. घरातली मराठी तेवढी राहिली. तिच्यातही निम्मी कानडी. सोवळ्याला आम्ही मडी म्हणतो. तर रोज सकाळी स्नान, मडीचं धोतर, शाळिग्राम आणि वडिलांच्या हातची कृष्णाची पितळी मूर्ती, अभिषेक, तुळस, घंटा, नैवेद्य, आरती. अगदी शेवटी तुळशीच्या पानासकट पळीभर पाणी ताम्हणात सोडायचं आणि म्हणायचं, "श्रीकृष्णार्पणमस्तु." केलेलं सगळं त्याला देऊन टाकायचं आणि मोकळ्या हाताने ऑफिसला जायचं. मुंजीपासून एक दिवस चुकला नव्हता.

नव्या घरात आलो आणि पूजा सुकली. नेमकी कधी ते सांगता येत नाही. पूर्वी माझ्यासमोर कुणीतरी असे. दिसे असं नव्हे. पण टेलिफोनवर बोलताना पलीकडे कुणी ऐकतंय हे जसं न बोलताही कळतं, तसं. मग एका सकाळी कळलं की पलीकडे कुणी नाही, आणि बऱ्याच दिवसांपासून नसावं. मी बोलत होतो, घासत होतो, पुसत होतो, आणि समोर पितळ होतं. त्याचं दुःख इतकं होई की बसमध्ये माणसं माझ्याकडे बघत.

कुणाला सांगणार? वसुमतीला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर, दोनदा अर्ध्यावर पोट रिकामं झाल्यावर. हे मूल माझ्या पूजेने लागलं, अशी तिची खात्री होती. तिला काय सांगू, की बाई, मी रोज भिंतीशी बोलतो?

पूजा मी सोडली नाही. फक्त एक केलं. शेवटचं नाव घेताना खोटं बोलल्यासारखं वाटू लागलं होतं. मला माझ्या प्रामाणिकपणाचा फार अभिमान. जे माप स्वतः घेतलेलं नाही ते मी नकाशावर लिहीत नाही. ज्याचा पत्ता नाही त्याचं नाव का घ्यावं? म्हणून नाव गाळलं. पाणी सोडायचं आणि नुसतं म्हणायचं, "अर्पणमस्तु." जीभ हलकी झाली. बरं वाटलं.

२

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी घंटा वाजवली आणि हात थांबला.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, भरलेल्या खोलीत घुमत नाही. हे कळायला ड्राफ्ट्समन असावं लागत नाही. घर बदलताना सामान हललं की कुणालाही कळतं. आमच्या देवघरात सामान असं नव्हतंच. देव्हारा, दोन समया, माझा पाट. घंटेचा नाद गिलाव्यावर आपटून परत येई आणि बराच वेळ कानात राही. त्या सकाळी आवाज झाला आणि झाला तिथेच मेला. गाद्या रचून ठेवलेल्या खोलीत व्हावा तसा.

पुन्हा वाजवली. तेच. टाळी वाजवून पाहिली. मग कारणं शोधली, कारण कारणं शोधणं हा माझा स्वभाव आहे. हवा दमट आहे. चुना ओल धरतो. घंटेला तडा गेला असेल. मी तशाच मडीत उठलो, जेवणघरात गेलो आणि तिथे घंटा वाजवली. नाद खणखणीत आला.

"अहो, ही आरती कुणाची?" वसुमती हसत म्हणाली. "उप्पिटाची?"

मी परत देवघरात येऊन पाटावर बसलो. समोर तेच पितळ, तीच तुळस. आणि छाती भरून आली. इतकी, की श्वास घ्यायला जागा उरली नाही. वडिलांच्या मांडीवर बसून पूजा बघायचो तेव्हाही कधी असं झालं नव्हतं. मी ढसाढसा रडलो. खोली भरली होती. माझ्या चहूबाजूंनी कुणीतरी होतं आणि ते माझ्याकडेच बघत होतं. आला, असं मी मनाशी म्हटलं. कोण आला, हे विचारायचं सुचलं नाही. आनंदात असलं काही कुणाला सुचतं?

३

आमच्याकडे स्वयंपाक अक्काच्या हातचा. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण पद्मावती. नवरा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि मडीच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही. पहिलं जेवण देवाचं. तोवर चव बघायची नाही. मिठाचा अंदाज हाताने आणि वासाने घ्यायचा. देवापुढे पान वाढायचं, बाकीची पातेलीही तिथेच आणून ठेवायची, पडदा ओढायचा, आणि बाहेर पाठ फिरवून उभं राहायचं. गाय दुहायला लागेल तेवढा वेळ. देव जेवताना बघू नये, असं वडिलांनी शिकवलं होतं.

त्या आठवड्यात सार अळणी झालं. नुसतं अळणी नव्हे. चिंच नाही, मिरं नाही, काहीच नाही. गरम पाणी भातावर ओतून घ्यावं तसं.

"अक्का, मीठ विसरलीस."

"घातलंय की रे."

दुसऱ्या दिवशी गोज्जू होतं. चिंच, गूळ, तिखट, सगळं ठसठशीत असायला हवं. जिभेवर चिखल ठेवल्यासारखं लागलं. तिसऱ्या दिवशी मी पानावरून उठलो. माझा राग तसा लवकर चढतो.

अक्काने पळी खाली ठेवली. "सरळ म्हण की, अक्का म्हातारी झाली. इतकी वर्षं या हाताचं खाल्लंस, आता हाताला काय झालंय ते तूच सांग." तिचे डोळे भरले. तिनेही घास घेतला होता; तिलाही चव लागली नव्हती, आणि तेच तिला खात होतं.

"मला तर छान लागतंय," वसुमती म्हणाली. ती सार ओरपत होती. "तुम्ही भाऊबहीण सुम्मने, उगाचच भांडता. अक्का, मला आणखी वाढा."

पोटुशी बाईच्या जिभेचं काय खरं, असं आम्ही दोघांनी मनात म्हटलं आणि विषय तिथेच राहिला.

पण मला राहवेना. रविवारी अक्का विहिरीवर गेली असताना मी स्वयंपाकघरात शिरलो. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. साराच्या पातेल्यात बोट बुडवून चाटलं. मीठ होतं. चिंच होती, हिंग होता, मिऱ्याने घसा चरचरला. अक्काचा हात जसाच्या तसा होता. मग पातेली देवापुढे गेली, मी पडदा ओढला, पाठ फिरवून उभा राहिलो, आणि थोड्या वेळाने आम्ही जेवायला बसलो. गरम पाणी.

उष्टं केलं म्हणून तसं झालं असेल, अशी मी माझी समजूत घातली. पण मग त्याआधीच्या दिवसांत कुणी उष्टं केलं होतं? पडद्याआड अन्नातलं काहीतरी जात होतं आणि अन्न तेवढंच राहत होतं. हे मला त्या दिवशीच कळलं. कळूनही मी सोमवारी सकाळी पाटावर जाऊन बसलो, कारण छाती भरून यायची वेळ झाली होती. ते सुख सोडवत नव्हतं.

४

"बाळ तुमची पूजा ऐकतं," वसुमती एकदा म्हणाली.

ती देवघराच्या उंबऱ्याशी बसत असे. घंटा वाजली की पोटातली वळवळ एकदम थांबे. पूजा संपून मी बाहेर आलो की पुन्हा लाथा सुरू. तिला त्याचं केवढं कौतुक! शेजारच्या गोजराबाईंना सांगून झालं, अक्काला सांगून झालं. मीही खूश झालो. बापाची पूजा ऐकणारं पोर कुणाला नको असतं?

मग बाळ गप्प राहण्याची वेळ वाढू लागली. आधी पूजेपुरती. मग जेवणापर्यंत. मग दुपार कलेपर्यंत. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं, म्हणाल्या, ठोके आहेत, स्वल्प मंद आहेत, आईने नीट खावं. वसुमती नीटच खात होती. आमच्या दोघांपेक्षा जास्त खात होती, आणि तिच्या मनगटातल्या बांगड्या मागे कोपरापर्यंत सरकत होत्या. एकदा तिच्या पोटावर हात ठेवून मी घंटा वाजताना कशी शांतता होते ते पाहिलं. झोपलेलं मूल आपल्या कुशीत असतं तसं ते नव्हतं. कुणीतरी श्वास धरून बसल्यासारखं होतं.

तेव्हा मी भ्यालो. तिसऱ्यांदा हे अर्ध्यावर गेलं असतं तर वसुमती त्यातून उठली नसती. मला ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने येलहंकाला गेलो. तिथे भीमाचार्य राहत. वडिलांचे स्नेही; मला पूजा शिकवली ती त्यांनीच. ओसरीवर वाळत घातलेल्या तुळशीच्या काड्या ते निवडत बसले होते.

"ये हयवदना. बस. चेहरा भरलाय तुझा." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "भरल्या चेहऱ्याने कुणी एवढं लांब येत नाही. काय झालं?"

मी सगळं सांगितलं. पूजा सुकल्याचं, मग भरून आल्याचं, साराचं, पोराचं. भरून आल्याचं सांगताना माझा आवाज कापला. त्यांना ते आवडलं नाही असं दिसलं.

"सुकलं होतं तेव्हा पूजा चालू ठेवलीस?"

"हो."

"बरं केलंस. जशीच्या तशी?"

"नाव तेवढं गाळलं. शेवटचं."

विमानतळावरून एक विमान उठलं आणि घराच्या डोक्यावरून गेलं. त्याचा आवाज विरू लागला तेव्हा आचार्यांनी हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाले, "मग दिलंस कुणाला?"

"कुणाला म्हणजे?"

"रोज दिलंस की नाही? अन्न दिलंस, फूल दिलंस, हाताने केलंस ते सगळं दिलंस. कुणाला दिलंस?"

"आतून काही वाटतच नव्हतं, आचार्य. खोटं कसं बोलू?"

"तुला वाटावं म्हणून नाव घेतात होय रे?" ते चिडले. "मला काही वाटून किती काळ लोटला, ठाऊक आहे? तुझी मुंज लावली तेव्हासुद्धा आत नुसतं वाळवंट होतं. अजून आहे. तरी नाव टाकलं नाही. तो नसला तर नसू दे. त्याची जागा त्याच्या नावावर राहू दे. रिकामी तर रिकामी. आपण आपली राखण करायची. तू नाव काढून टाकलंस आणि रोज पान वाढत बसलास. कुणीही येऊन बसेल की!"

"मग आता जे आलंय ते..."

"मी बघितलेलं नाही. मी काय सांगू?" त्यांनी काड्या पुन्हा निवडायला घेतल्या. "उद्या नाव घे. गेलं तर कळेल. पण हे बघ, गोड वाटतं ना, तेही जाईल. परत येईल असं नाही. तेवढी तयारी करून बस."

५

सोमवारी मी तयारी करून बसलो.

घंटेचा आवाज आता जवळजवळ येतच नव्हता. आतला लोलक धरून घंटा हलवावी तसा नुसता ठक्क आवाज. सुख मात्र त्या दिवशी असं आलं की मागची सगळी सुखं त्याची तालीम वाटावीत. मला कुणीतरी ओळखत होतं. माझी मेलेली आई, वडील, माझं लहानपण, सगळं त्याला ठाऊक होतं आणि ते सगळं मला परत मिळणार होतं. पळीत पाणी घेतलं. नाव ओठापर्यंत आलं. आणि मला वाटलं, हे गेल्यावर मी त्या वाळवंटात पुन्हा कसा जगू? आचार्यांना काय, त्यांनी कधी हे चाखलंच नाही. कुणास ठाऊक, हाच देव असेल. देवाला लाथाडायचं एका म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून?

"अर्पणमस्तु," मी म्हणालो. नाव उद्या घेऊ, असं ठरवलं. त्याची लाज मला अजून पुरती आलेली नाही.

मंगळवारी नैवेद्य ठेवून पडदा ओढला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो. वसुमती उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली होती. फिकी पडली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

"तुम्हाला सांगायचं राहिलं," ती हळूच म्हणाली. "काल मीपण केलं."

"काय केलंस?"

"तुम्ही आत पाणी सोडलंत ना, तेव्हाच मीही इथे सोडलं. पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, हे तुझंच. तूच घे, तूच सांभाळ."

"नाव कुणाचं घेतलंस?"

"नाव?" ती गोंधळली. "तुम्ही म्हणता तसंच म्हटलं. नुसतं अर्पणमस्तु. तुमचं ऐकून ऐकून तसंच पाठ झालंय मला." मग माझा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "चुकलं का हो? पण किती शांत झालंय बघा. कालपासून एकदाही हललं नाही. मी म्हटलं, निवांत झोपलंय."

"कालपासून?"

"काल पाणी सोडलं तेव्हापासून." आणि ते शब्द स्वतःच्याच कानावर पडल्यावर तिचं हसू हळूहळू गेलं. "अहो," ती म्हणाली. "अहो, कालपासून."

६

देव जेवताना बघू नये. मी वळलो.

पडदा जमिनीपासून वीतभर उंच होता. कापड बेताचं मिळालं होतं. मी उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसलो, गाल फरशीला लावला आणि खालून आत पाहिलं.

केळीचं पान दिसलं. पातेल्यांची बुडं दिसली. भाताची वाफ सरळ वर जात नव्हती. पानाच्या पलीकडे कुठेतरी ओढली जात होती. आणि पानाच्या पलीकडे दोन गुडघे होते. मांडी घालून बसलेले. मोठ्या माणसाने पंगतीत बसावं तसे, ऐटीत. पण ते लहान होते. मुठीएवढे. त्यांच्यावरच्या कातडीला ओल होती आणि घड्या होत्या, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या गुडघ्यांना असतात तशा. ते देवाकडे पाठ करून बसलं होतं. त्याचं तोंड दाराकडे होतं. वसुमती बसली होती तिकडे.

त्याहून वर मी पाहिलं नाही. पडद्यानेच पाहू दिलं नाही, हे उपकार.

ओरडायला हवं होतं. पण त्याच वेळी ते सुख पडद्याखालून लोंढ्यासारखं अंगावर आलं आणि मला खरोखर वाटलं, आत जावं, त्या एवढ्याशा मांडीवर डोकं ठेवावं आणि सगळं देऊन टाकावं. बायको, पोर, सगळं. वसुमती मागून माझा खांदा हलवत होती. तिचा हात गार होता. तो हात नसता तर मी गेलो असतो, हे मी लपवत नाही.

मी नाव घेतलं.

आतून काही वाटत नव्हतं. भक्ती नव्हती, विश्वास नव्हता, तो ऐकतोय असं तर मुळीच वाटत नव्हतं. वाळलेली जीभ टाळ्याला चिकटत होती. "श्रीकृष्णार्पणमस्तु," मी म्हणालो. "हे अन्न त्याचं. ही त्याची. पोटातलं त्याचं. आजवर दिलेलं सगळं त्याचं. तुझं काही नाही." पुन्हा म्हणालो. मग मोठ्याने म्हणालो, इतक्या मोठ्याने की अक्का स्वयंपाकघरातून धावत आली. आणि पडद्याआडून माझाच आवाज गिलाव्यावर आपटून माझ्याकडे परत आला. स्पष्ट, घुमत. रिकाम्या खोलीतून यावा तसा.

सुख गेलं. बादलीभर गार पाणी ओतावं तसं अंगावरून उतरून गेलं आणि मागे काहीच उरलं नाही.

"अहो!" वसुमती किंचाळली. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. "अहो, लाथ मारली! अहो अक्का, केवढ्याने मारली!" ती रडत होती, हसत होती. अक्काने तिला जवळ घेतलं आणि काय झालं ते न कळताच तीही रडायला लागली.

मी पडदा सारला. पान होतं, पातेली होती. माझ्या पाटावर कुणी नव्हतं, देव्हाऱ्यात कुणी नव्हतं. त्या दिवशीचं सार तोंडात घालवेना इतकं खारट निघालं. मी रोज नावं ठेवतो म्हणून अक्का गेले कित्येक दिवस रागाने दुप्पट मीठ घालत होती.

७

मुलगी झाली. नाव कृष्णा ठेवलं. आमच्या आईचं नाव म्हणून अक्काला आनंद झाला. मी ते का धरून बसलो होतो ते तिला सांगितलं नाही. वसुमती भरली, बांगड्या जागेवर आल्या. घरात सगळ्यांना पोरीचं वेड. मलाही आहे. फक्त अक्का तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालते तेव्हा मी तिथे थांबत नाही. तिचे गुडघे मी अजून नीट पाहिलेले नाहीत.

पेढे घेऊन येलहंकाला गेलो होतो. आचार्यांनी एक पेढा तोडून जिभेवर ठेवला. "आता काही वाटतं का पूजेत?"

"नाही."

"नाव घेतोस?"

"रोज."

"बरं," ते म्हणाले. मी निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले, आणि इकडेतिकडे बघून, पोराने खाऊ मागावा तशा आवाजात त्यांनी विचारलं, "फार गोड होतं का रे?"

मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

तेव्हापासून मी वाळवंटातच आहे. नाव घेतो, राखण करतो. भजनाला गेलो आणि आजूबाजूच्यांचे डोळे पाणावले की मी चपला घालून बाहेर येतो. माझ्या छातीत काही हललं तर ते कोण हलवतंय हे मला ओळखता येत नाही, आणि ओळखायला शिकवणारं कुणी भेटलेलं नाही.

परवाच्या सकाळची गोष्ट. घंटेचा नाद नीट घुमला. मोगऱ्याला वास होता. काहीही चुकलेलं नव्हतं, मी दोनदा पाहून घेतलं. वसुमती कृष्णेला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली होती. मी तुळस वाहत होतो आणि ते आलं. लोंढ्यासारखं नाही. हळूच, उन्हासारखं, वडिलांच्या वेळी येत असे अगदी तसं. काही मागत नव्हतं. समोर कुणीतरी होतं. इतक्या काळाने पलीकडे कुणीतरी ऐकत होतं, आणि नाव माझ्या ओठांवर होतं, मी ते गाळलं नव्हतं.

कुरकुरणारी कृष्णा एकदम गप्प झाली. मी मागे पाहिलं. ती माझ्या खांद्यावरून देव्हाऱ्याकडे बघत होती. मग ती हसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. घे मला, असं सांगायला ती आम्हाला करते तसे.

मी उठलो. तिला उचललं, वसुमतीला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि देवघराचं दार लावून घेतलं.

"अहो, काय हे! पूजा अर्धीच टाकून? अहो, दिवा आहे आत!"

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. छाती अजून भरलेलीच होती, आणि ती हळूहळू रिकामी होताना मला कळत होती. आतून कुणी दार वाजवलं नाही. ढकललं नाही. देव दार वाजवत नाही. जा म्हटलं की तो जातो. तो तोच असेल तर इतक्या काळाने तो माझ्या घरी आला होता आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. नसेल, तर माझी पोर माझ्या हातात होती.

कृष्णा दाराकडे हात करून रडायला लागली. रडून रडून ती लाल झाली, हुंदके देऊ लागली. वसुमती म्हणाली, "उघडा हो, तिला आत जायचंय." मी कडी घातली.